बुवांना शाल द्यावी का?

खाडीकाठ: सिंधुदुर्गातल्या आमच्या वाडीत यंदा जत्रेला पखवाजवाल्या बुवांचा सत्कार ठरलाय. हात असा, की डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, समोरची पार्टी गप्प होते. पण भाऊ वारल्यावर वारसनोंदीत याच माणसाने वहिनीचं नाव लागू दिलं नाही. ती आज काजू फोडायला जाते, चिकाने बोटं काळी पडलीत. मी मंडळात म्हटलं, वाजवायला बोलवा, शाल-नारळ नको. तर सगळे अंगावर आले.

आडवाट: कला वेगळी, माणूस वेगळा. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवायची रीत फ्रिट्झ हाबरने काढली, १९१८चं नोबेल घेतलं. १९१५त, पहिल्या महायुद्धात, ईप्रच्या रणांगणावर विषारी क्लोरीन सोडला तोही त्याच्याच देखरेखीखाली. मग त्याच अमोनियापासून युरिया करणारा अलिबागजवळचा थळचा खत कारखाना बंद करायचा? कुणग्यात युरिया टाकतोस ना?

खाडीकाठ: टाकतो. पोत्याला हार घालत नाही. आणि हाबरचा क्लोरीन कोणी लपवत नाही. आमच्या मानपत्रात चक्क ‘कुटुंबवत्सल’ लिहिलंय! तो शब्द खोडा म्हटलं, त्यावरूनच तर रामायण.

रापण: अरे पण पोरांक फुकट शिकवल्यानी, तां पण लिव. माझो झील जाता त्येंच्याकडे. पखवाजाक कणीक किती लावची, ह्यां सुदिक हात धरून दाखवल्यानी. जमिनीचां कोर्टात बघा, देवळात कित्याक?

माहेरवाशीण: कोर्टात? काजू फोडून वकिलाची फी भरायची तिने? नोंद झाली तेव्हा गाव गप्प होता, कारण सप्त्याला पखवाज हवा होता. बुवांपेक्षा मला त्याचाच राग जास्त येतो.

आडवाट: बरं, मग सगळ्यांचेच सातबारे काढूया. किती जणांवर बहिणींची नावं आहेत? खाडीकाठ, तुझ्या आत्यांनी हक्कसोड केली ती काय हसत हसत?

खाडीकाठ: नाही. धाकट्या आत्याची सही आणायला मीच मुंबईला गेलो होतो. तिने चहा दिला, सही केली, आणि पेन परत देताना म्हणाली, ‘आंबे तरी पाठवा रे.’ दोन वर्षं पाठवले.

माहेरवाशीण: वहिनीला कोणी विचारलं का?

खाडीकाठ: काल गेलो होतो. म्हणाली, ‘वाजवूं देत. माझो घोव आणि ते एकाच गुरूकडे शिकले, हात तसोच लागता. फक्त शाल घालतास तेव्हा माका फुडे बसवू नका.’

मानपत्र अजून छापायला गेलेलं नाही.