मदत हवी आहे: टास्मानियात गाईडसोबत चालायचंय, थ्री केप्स की मराया बेट?

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघी बहिणी सोलापूरच्या. मी पन्नाशी ओलांडलेली, ताई साठीची. ताईची लेक मेलबर्नला असते, तेव्हा तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत, तिच्याकडे जाणं ठरलंय. तिथून विमानानं होबार्ट गाठायचं आणि टास्मानियात, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या बेटावर, चार-सहा दिवस चालायचं, असं आम्ही मनावर घेतलंय. बसमधून उतरा, फोटो काढा, परत बसा, तसली सहल नको. रान आणि समुद्र दोन्ही पायी बघायचेत. गाईडवाल्या सहली महाग असतात याची कल्पना आहे. त्यासाठी भिशी लावलीये, म्हणून खर्चाचा प्रश्न बाजूला ठेवते.

आमच्या पायांबद्दल आधी सांगते, सल्ला त्यावरच अवलंबून आहे. दोघींनी आळंदी ते पंढरपूर वारी केलीये. दिवसाला वीस किलोमीटर, खांद्याला पिशवी, वरून पाऊस, याची भीती नाही. पण दिवे घाट सोडला तर तो रस्ता सपाट. चढाला ताईला दम लागत नाही, उतारावर मात्र तिचा उजवा गुडघा कुरकुरतो. तुळजापूरला देवीच्या पायऱ्या उतरताना कठडा धरते, आधी डावा पाय टेकवते, मग उजवा, असं करत खाली जाते. परत वर येताना मात्र माझ्या पुढे असते.

तीन वाटा पाहिल्यात. ओव्हरलँड ट्रॅक 65 किलोमीटरचा, साधारण सहा दिवसांचा, क्रेडल माउंटनपासून लेक सेंट क्लेअरपर्यंत. 1 ऑक्टोबर ते 31 मे या हंगामात तो उत्तरेकडून दक्षिणेकडेच चालावा लागतो. वाटेत माउंट ओसाला फाटा फुटतो, 1617 मीटर, टास्मानियातलं सगळ्यात उंच शिखर. ताईचं मन याच्यावर होतं. पण यात समुद्र नाही, आणि मध्येच गुडघा दुखला तर गाडी येईल असा रस्ताही नाही. तो आम्ही सोडल्यात जमा आहे.

थ्री केप्स 48 किलोमीटर, चार दिवस. पोर्ट आर्थरहून बोटीनं पलीकडे जायचं आणि तिथून कड्यांवरून चालत फॉर्टेस्क्यू बेला उतरायचं. फोटोत ते डोलेराइट नावाच्या काळसर खडकाचे खांब समुद्रातून सरळ उभे राहिलेले दिसतात, त्यावरून नजर हलत नाही. तिसरी वाट मराया बेटाची. ट्रायाबन्ना गावाहून बोट, बेटावर गाड्या नाहीत, दुकान नाही, आणि वॉम्बॅट, म्हणजे तिथले ठेंगणे, गुबगुबीत प्राणी, संध्याकाळी गवतात चरताना दिसतात म्हणे.

मला विचारायचंय ते असं. थ्री केप्सला पायऱ्या आणि उतार खरोखर किती? शाकाहारी जेवण, तेही अंडं न खाणाऱ्या ताईचं, गाईड लोक नीट सांभाळतात का? ती एकादशी धरते, ती चालण्याच्या दिवसांत आली तर काय करायचं? कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेता येईल का? आणि सोलापुरात राहून उताराचा सराव करायचा कुठे? तलावाभोवती कितीही फेऱ्या मारल्या तरी पाय सपाटीलाच सरावतात.

आणखी एक, हे जरा गंभीर आहे. ताईला पूर्वी गांधीलमाशी चावून चेहरा आणि ओठ सुजले होते, दवाखान्यात न्यावं लागलं. तिथं रानात काय काय चावतं?

— सोलापूरकरीण

रानवाट: मी थ्री केप्स केलाय, गाईडशिवाय, सरकारी झोपड्यांत राहून. तिथं गादी, गॅसची शेगडी आणि गरम खोली मिळते, पण झोपायची पिशवी आणि चार दिवसांचं जेवण आपणच वाहायचं. तुम्ही गाईडची सहल घेताय ते उत्तम. त्यांची वेगळी लॉज आहेत, जेवण आणि गरम पाण्याची अंघोळ तिथंच.

अंतरं अशी: 4, 11, 19, 14 किलोमीटर. 19 ऐकून घाबरू नका. त्या दिवशी मोठा भाग केप पिलरला जाऊन परत येण्याचा असतो, सॅक झोपडीतच ठेवून रिकाम्या पाठीनं. कड्याच्या टोकावरून समोर टास्मन बेट दिसतं, दीपगृहासकट. खाली समुद्र सुमारे 300 मीटरवर, त्यामुळे वारा असेल तर काठापासून लांब राहायचं. गुडघ्याचा खरा दिवस चौथा. सकाळीच माउंट फॉर्टेस्क्यूचा चढ आणि मग त्याचा उतार. नंतर केप हॉयचा फाटा लागतो. तिथं दगडी पायऱ्या खाली, वर, पुन्हा खाली, आणि आल्या वाटेनं तेच उलट. तो फाटा गाळून थेट फॉर्टेस्क्यू बेला उतरता येतं. ताईंनी ते आधीपासून मनात ठेवावं, म्हणजे त्या दिवशी चुटपुट लागणार नाही.

दक्षिणवारा: मी होबार्टला राहतो. आधी हवामान. सोलापूरच्या उन्हातून निघालेल्या माणसाला इथला उन्हाळा कळत नाही. जानेवारीत होबार्टला दुपारी तापमान बावीस अंशांच्या आसपास असतं, आणि त्याच आठवड्यात क्रेडलला बर्फ पडू शकतो. गरम थर, वारा-पाणी अडवणारं जॅकेट आणि टोपी सॅकमध्ये हवीच, जरी सकाळी लख्ख ऊन असलं तरी. ऊन थंड वाटतं पण कातडी भाजतं, सनस्क्रीन विसरू नका.

खाण्याचं. ऑस्ट्रेलियात उतरताना कार्डावर खाण्याच्या प्रत्येक गोष्टीला "हो" लिहायचं, आत जाऊ द्यायचं की नाही ते अधिकारी ठरवतात. लपवलेलं सापडलं तर मोठा दंड. पेढे, बर्फी असलं दुधाचं घरूनच घेऊ नका. भाकरी आणि चटणी आणलीत तर वर ठेवा, दाखवा. मेलबर्नहून इकडे येताना ताजी फळं, भाज्या चालत नाहीत, विमानतळावर कुत्रे हुंगतात. साबुदाणा आणि शेंगदाणे मेलबर्नच्या भारतीय दुकानात बंद पाकिटात मिळतात. तिथून घ्या आणि गाईड कंपनीला बुकिंगच्या वेळीच एकादशीची तारीख कळवा. शाकाहारी म्हटलं की इथले लोक अंडं देतात, म्हणून "अंडं नाही, मासे नाहीत, दूध चालतं" असं तोडून लिहा.

बुटांना चिकटलेली माती धुऊन या. वाटांच्या सुरुवातीला बूट घासायची जागा असते. झाडांची मुळं कुजवणारा रोग मातीतून पसरतो म्हणून ती सोय केलीये. इथली माणसं हे फार मनापासून पाळतात.

तुमचं वर्णन वाचून मी मराया बेट सुचवतो. चालणं बरंचसं किनाऱ्यावरून आणि झाडीतून, उतार कमी. बिशप अँड क्लार्कचा खडकाळ चढ आहे, पण तो ज्याला हवा त्यानंच करायचा. पेंटेड क्लिफ्सला ओहोटी असताना जा, लोहाच्या डागांनी वाळूच्या दगडावर पिवळ्या-तांबड्या लाटा उमटल्यात. डार्लिंग्टनची कैद्यांची जुनी वसाहत 2010पासून जागतिक वारसा यादीत आहे. वॉम्बॅट तर दिसतीलच. त्यांच्या जवळ जाऊ नका, लांबून बसून बघा.

औषधपेटी: गांधीलमाशीचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. टास्मानियात जॅक जंपर नावाची काळी, उड्या मारत चालणारी मुंगी आहे. तिच्या दंशानं काहींना जीवघेणी ॲलर्जी होते. मुंगीची आणि गांधीलमाशीची ॲलर्जी एकच असं नाही, पण ओठ सुजलेल्या माणसानं निघण्याआधी ॲलर्जीच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं. ॲड्रिनलिनचं इंजेक्शन बरोबर ठेवायचं का, ते डॉक्टर सांगतील. ठेवलंत तर तुम्हालाही ते वापरता आलं पाहिजे, आणि गाईडला पहिल्याच दिवशी सांगा. कंपनीचा आरोग्याचा फॉर्म भरताना हे झाकू नका. बसण्याआधी जमीन बघायची, चप्पल घालून फिरायचं नाही. सापही आहेत, तिन्ही जाती विषारी, पण पायाची चाहूल लागली की बाजूला होतात. पूर्ण पायाची पँट आणि गेटर्स (बुटांवरून पोटरी झाकणारं जाड कापड) घाला.

गुडघ्यासाठी दोन ट्रेकिंग पोल. उतरताना ते आधी खालच्या पायरीवर टेकवायचे, भार हातांवर घ्यायचा, मग पाय. याची सवय घरीच करा.

घाटमाथा: ताई, मी सोलापूरचाच. सरावासाठी तुळजापूरचा घाट बरा, पण गाड्या फार, म्हणून उजाडताच. अपार्टमेंटचा जिना असेल तर तोही चालतो: लिफ्टनं वर, पायऱ्यांनी खाली. सॅकेत पाच किलो ज्वारी भरा आणि दर आठवड्याला थोडी वाढवा. आम्ही काहीजण रविवारी पहाटे घाटात जातो, तुम्ही दोघीही या.

सोलापूरकरीण: सगळ्यांचे मनापासून आभार. औषधपेटी, तुमचं वाचून ताईची ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे वेळ घेतली. मुंगीचं आम्हाला कुठंच वाचायला मिळालं नव्हतं. आता मराया बेट नक्की करतोय, आणि पुढे एक दिवस टास्मानियातल्याच वाइनग्लास बे या उपसागराच्या व्ह्यूपॉइंटपर्यंत, ताईच्या शिखराच्या हौसेसाठी. दक्षिणवारा, फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा चालेल का? भाचीला तेव्हाच सुट्टी मिळतेय, आणि तीही आमच्याबरोबर यायचं म्हणतेय. घाटमाथा, या रविवारी येतोच दोघी. किती वाजता निघता आणि गाडी कुठं लावता तेवढं सांगा.