मदत हवी आहे : अभिजात कादंबऱ्यांच्या जगात अद्भुत प्राणी

जो वॉल्टन यांची ‘टूथ अँड क्लॉ’ (२००३) नुकतीच वाचली. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप यांच्या ‘फ्रॅम्ली पार्सनेज’वर बेतलेल्या या कादंबरीतील पात्रे ड्रॅगन आहेत आणि मृत पित्याच्या देहाचे मांस कोणी किती खावे, यावरून वारसांचा तंटा थेट न्यायालयात जातो, हे मला विलक्षण वाटले. जेन ऑस्टिनच्या अभिजात कादंबरीत झाँबी (चालती प्रेते) घुसवणारी ‘प्राइड अँड प्रेज्युडिस अँड झाँबीज’ (२००९) मात्र, माझ्या मते, एकाच विनोदावर ताणलेली आहे. जेन ऑस्टिनच्या धर्तीच्या समाजात माणसे व ड्रॅगनसारखे अद्भुत प्राणी एकत्र नांदतात आणि त्यामुळे इस्टेटीचे, सोयरिकीचे नियमच बदलतात, अशा इंग्रजी वा मराठी कादंबऱ्या जाणकारांनी कृपया सुचवाव्यात. नओमी नोविक यांची नेपोलियनकालीन युद्धांत ड्रॅगन उतरवणारी ‘टेमेरेअर’ मालिका वाचलेली आहे. तूर्तास युद्धकथा नकोत.