मेनॉमिनींचं जंगल तोडूनही टिकतं कसं?

चांदा_वाला: उपग्रह नकाशात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एक गडद हिरवा ठोकळा दिसतो, भोवती नुसती शेतं. मेनॉमिनी या तिथल्या मूळ आदिवासी जमातीचा इलाखा म्हणे. तिथं सॉ मिलही चालते! मग झाडं उरली कशी?

ग्रीनबेकर: मी अधूनमधून तिकडून गाडीनं जातो. हद्द कळायला पाटी लागत नाही, उन्हातून एकदम सावलीत शिरतो आपण. आधी म्हातारं, रोगट, पडलेलं झाड काढायचं, असा त्यांचा शिरस्ता. पूर्वेकडून तोडत पश्चिमेला पोचेपर्यंत पूर्वेची झाडं पुन्हा तयार हवीत, हे त्यांचे जुने मुखिया ऑशकॉश यांच्या नावावर सांगतात. १८५४ पासून दोन अब्ज बोर्ड फुटांवर (बोर्ड फूट म्हणजे लाकूड मोजायचं माप) लाकूड निघालं, तरी आज उभं लाकूड तेव्हापेक्षा जास्त! तिथल्या नीओपिट गावची सॉ मिल १९०८ची. नातवंडांचा हिशेब आधी, मिलचा नंतर. (आमच्या सोसायटीला पुढच्या वर्षाचा रंगकामाचा खर्च ठरवता येत नाही.)

रानवाटा: पण मध्ये सरकारनं त्यांची जमात म्हणून असलेली मान्यताच काढली होती ना?

ग्रीनबेकर: हो, १९६१मध्ये. जमातीची जमीन एका कंपनीच्या नावे गेली, कर भरायला तळ्याकाठचे प्लॉट विकायला काढले. एडा डियर या मेनॉमिनी कार्यकर्त्या वगैरे मंडळींनी लढून १९७३ला मान्यता परत मिळवली. विकलेले प्लॉट मात्र बऱ्याच अंशी गेले ते गेलेच.