कंट्रोलच्या यकृतातही मायटोकॉन्ड्रिया फुगलेले: आजार की फिक्सेशनचा दोष?

ताळगाव_पठार (प्रश्न)

नमस्कार. एमएस्सीच्या प्रबंधासाठी उंदराच्या यकृतातल्या क्रिस्टींची (मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या ऊर्जाघरांच्या आतल्या पटलांची) रचना बघायची आहे. एक गट जास्त चरबीच्या आहारावरचा, दुसरा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा. ब्लॉक इथेच बनतात, टीईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) मात्र दुसऱ्या शहरात.

कृती: साधारण 5 मिमीचा तुकडा काढून बफरमध्ये धुणे, मग 0.1 मोलर फॉस्फेट बफरातल्या 2.5 टक्के ग्लुटारल्डिहाइडमध्ये (फिक्सेटिव्ह, म्हणजे पेशी आहे त्या स्थितीत पक्की करणारे रसायन) रात्रभर 4 अंशांवर. दुसऱ्या दिवशी 1 टक्का ऑस्मियम एक तास, अल्कोहोल, प्रोपिलीन ऑक्साइड, एपॉन रेझिन, 60 अंशांवर 48 तास.

दोन्ही गटांत मायटोकॉन्ड्रिया गोल, फिकट, क्रिस्टी तुटक. मधूनच काही गडद आणि आकसलेले. शिवाय जुलैतले ब्लॉक मऊ पडले, सेक्शन फाटतात. "ओपीए1 कमी झाल्यामुळे" असे लिहायचे का (ओपीए1 हे क्रिस्टींचा आकार राखणारे प्रथिन), यावर गटात चर्चा चालू आहे.

ऑस्मियम_काळे

ओपीए1चे नाव इतक्यात घेऊ नका. कंट्रोलही फुगलाय म्हणजे आधी कापण्याच्या ट्रेकडे बघा.

5 मिमीचा तुकडा फार मोठा. ग्लुटारल्डिहाइड सावकाश शिरते. काही तासांत जेमतेम मिलिमीटरभर आत जाते. तोपर्यंत मधल्या पेशींना ऑक्सिजन नाही. एटीपी (पेशीचे इंधन) संपतो, आयनांचे पंप थांबतात, पेशीत पाणी आणि कॅल्शियम भरते. कॅल्शियम वाढले की मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलातले छिद्र उघडते आणि मॅट्रिक्स (त्या पटलाच्या आतला भाग) फुगतो. आजारात जी साखळी चालते तीच तुमच्या शीशीत चालली आहे, म्हणून चित्र इतके खरे वाटते.

आधी धुणे बंद करा, तो वेळ फुकट जातो. डेंटल वॅक्सच्या तुकड्यावर फिक्सेटिव्हचा मोठा थेंब घ्या, यकृताची चकती थेट त्यात टाका आणि थेंबातच 1 मिमीचे चौकोन करा. दोन नवी ब्लेडे एकमेकांविरुद्ध ओढून कापा. दाबून कापलेत तर कडेचे दोन-तीन थर चिरडतात. अवयव काढल्यापासून थेंबात पडेपर्यंत एक मिनिटाच्या आत. त्याहून चांगले म्हणजे पोर्टल शिरेतून फिक्सेटिव्ह सोडणे, पण त्यासाठी प्राणी-नैतिकता समितीच्या मंजुरीत ती पायरी लिहिलेली हवी.

बफर बदला: 0.1 मोलर सोडियम कॅकोडायलेट, पीएच 7.4, त्यात 2 मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड. फॉस्फेटमध्ये कॅल्शियम घातले तर साका बसतो. नुसता 0.1 मोलर कॅकोडायलेट साधारण 200 मिलिऑस्मोलचा, म्हणजे सस्तन प्राण्याच्या पेशीला पातळच, 0.1 मोलर सुक्रोज घातले की 300 च्या आसपास येतो. ग्लुटारल्डिहाइडचा आकडा या हिशेबात धरू नका, फुगणे-आकसणे मुख्यतः बफरच ठरवतो. कॅकोडायलेटमध्ये आर्सेनिक आहे, तेव्हा हातमोजे घाला आणि सिंकमध्ये ओतू नका.

ग्लुटारल्डिहाइड ईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी) ग्रेडचे, सीलबंद अँप्यूलमधलेच. उघड्या बाटलीचा संशय असेल तर स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 235 आणि 280 नॅनोमीटरला मोजा; 235 चे शिखर वाढले असेल तर त्याचे पॉलिमर झालेत, बाटली बाद.

ऑस्मियमआधी बफरचे तीन बदल, दहा-दहा मिनिटांचे. ग्लुटारल्डिहाइड उरले तर ऑस्मियम त्याच्याशीच भिडते आणि काळी पूड सेक्शनवर दिसते. ऑस्मियममध्ये 1 टक्का पोटॅशियम फेरोसायनाइड घातलेत तर पटले ठसठशीत उठतात. त्यानंतर युरेनिल अॅसिटेट देणार असाल तर आधी साध्या शुद्ध पाण्याने धुवा.

म्हापसा_मायक्रोटोम

मऊ ब्लॉकचे कारण पावसाळा. एपॉनमधले डीडीएसए आणि एनएमए हे दोन्ही हार्डनर अॅनहायड्राइड आहेत, ओलावा लागला की त्यांचे आम्ल होते आणि रेझिनशी जुळायला ते उरत नाहीत. बाटली फ्रिजमधून काढून लगेच उघडली की जुलैच्या हवेत आत दव धरलेच समजा. झाकण न उघडता बाहेर ठेवा, खोलीच्या तापमानाला आली आणि बाहेरून कोरडी झाली की मगच उघडा.

दुसरा चोर अल्कोहोल. उघडलेली 100 टक्क्यांची बाटली इथे तशी राहत नाही. 3 अँगस्ट्रॉमचे मॉलिक्युलर सीव्ह टाका, धूळ खाली बसू द्या, वरचेच घ्या. शेवटचे दोन बदल नव्या बाटलीतले ठेवा. ओव्हनला थर्मामीटर लावा. रात्री वीज गेली असेल तर 48 तास मोजण्यात अर्थ नाही.

क्रिस्टा_जंक्शन

त्या गडद, आकसलेल्यांबद्दल. हॅकेनब्रॉकने 1966 मध्ये उंदराच्या यकृतातून वेगळे काढलेल्या मायटोकॉन्ड्रियावर दाखवले की एडीपी (ज्यापासून एटीपी बनतो) मिळाला की मॅट्रिक्स आकसून दाट होतो आणि एडीपी संपला की परत पसरतो. म्हणजे ती चालू कामाची अवस्था असू शकते. ‘आजारी’ हा शिक्का नुसत्या गडदपणावर मारता येत नाही.

आता रचना आणि आजार. 1950च्या दशकात पॅलेडने क्रिस्टी म्हणजे आतल्या पटलाच्या रुंद घड्या मानल्या. 1990च्या दशकात मॅनेला, फ्रे, पर्किन्स यांच्या टोमोग्राफीत (अनेक कोनांतल्या फोटोंवरून केलेल्या त्रिमितीय चित्रात) दिसले की क्रिस्टी आतल्या पटलाला अरुंद नळीवजा तोंडांनी जोडलेल्या असतात. ही तोंडे बहुधा 12 ते 40 नॅनोमीटरची. सायटोक्रोम सी हे प्रथिन बहुतांश त्या तोंडांच्या आतच अडकलेले असते. तोंड सैल झाले की ते बाहेर पडते आणि पेशी मरणाच्या वाटेला लागते. ते तोंड आवळून धरणाऱ्यांत ओपीए1 आहे, म्हणून त्याच्या जनुकातल्या बिघाडाने दृष्टिमज्जातंतू सुकतो (2000 साली हे जनुक सापडले). तोंडाची चौकट मिकोस या प्रथिन-संकुलाची. त्यातले एमआयसी60 हे प्रथिन गेले की क्रिस्टी सुटून मॅट्रिक्समध्ये कांद्याच्या पाकळ्यांसारख्या एकात एक बसतात. मात्र यीस्टमध्ये एटीपी सिंथेज या एटीपी बनवणाऱ्या एन्झाइमच्या जोड्या तुटल्या तरी असेच चित्र येते, आणि बार्थ सिंड्रोम या आनुवंशिक आजारात हृदयातही क्रिस्टी विस्कटतात. त्या आजाराचे निदान तर रक्तातल्या मोनोलायसोकार्डिओलिपिन व कार्डिओलिपिन या मायटोकॉन्ड्रियाच्या पटलातल्या लिपिडांच्या गुणोत्तरावरून होते. नुसत्या फोटोवरून जनुकाचे नाव सांगणारा परीक्षकाच्या तावडीत सापडतो.

ओपीए1वर बोलायचेच तर वेस्टर्न ब्लॉट (जेलवर प्रथिने वेगळी करून ओळखण्याची चाचणी) हवा. 7.5 टक्के जेल, जास्त वेळ चालवा. 80 ते 100 किलोडाल्टनमध्ये पाच पट्टे वेगळे झाले पाहिजेत, वरचे दोन ओपीए1च्या लांब रूपाचे. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून पेशींना 10 मायक्रोमोलर सीसीसीपी हे रसायन एक तास: आतल्या पटलाचा विद्युत विभव कोसळतो, ओपीए1 कापणारे ओएमए1 एन्झाइम जागे होते, वरचे पट्टे उडतात. हे ऊतक काढताना उशीर झाल्यानेही होते, म्हणून ब्लॉटचा तुकडा लगेच द्रव नायट्रोजनमध्ये.

मोजताना नमुन्याची संख्या म्हणजे प्राणी, मायटोकॉन्ड्रियन नव्हे. दोन उंदरांतले 400 मायटोकॉन्ड्रिया मोजलेत तरी संख्या दोनच. गटाचे नाव झाकून मोजा, आणि यकृत-खंडाचा भागही ठरवून घ्या: पोर्टल शिरेजवळच्या आणि मध्य शिरेजवळच्या पेशींचे मायटोकॉन्ड्रिया मुळातच वेगळे.

ताळगाव_पठार

देव बरें करूं सगळ्यांचे. दोन गोष्टी राहिल्या. जुने ब्लॉक पूर्ण टाकून द्यायचे का? आणि पुढची बॅच चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) तोंडावर येतेय, सुट्टीत नमुने कुठे थांबवू?

ऑस्मियम_काळे

टाकू नका, एक चाचणी करा. 1 मायक्रॉनचा जाड सेक्शन काढून टोलुइडिन ब्लूने रंगवा, तुकड्याची कड ओळखा. मग त्याच ब्लॉकमधून चिरडलेला काठ सोडून लगेच आतले थर आणि मधला गाभा, दोन्हींचे फोटो घ्या. कडेला क्रिस्टी नीट आणि गाभ्यात फुगलेल्या, तर दोष फिक्सेशनचा. कडेलाही फुगलेल्या असतील तर धुण्यावर आणि बफरवर संशय घ्या. तरीही दोन गटांची तुलना या ब्लॉकवर करू नका.

चवथीसाठी: ग्लुटारल्डिहाइड झाल्यावर, ऑस्मियमच्या आधी थांबा. ताज्या कॅकोडायलेट-सुक्रोज बफरमध्ये, काठोकाठ भरलेल्या शीशीत, 4 अंशांवर आठवडाभर चालते. ऑस्मियममध्ये कधीही सोडून जाऊ नका, ऊतक ठिसूळ होते. फ्रीझरमध्ये चुकूनही नाही.

म्हापसा_मायक्रोटोम

बाहेरगावी पाठवताना शीशी आणि आइसपॅकमध्ये थर्माकोलचा तुकडा घाला, थेट टेकली तर बफर गोठतो आणि बर्फाचे खडे पटले फाडतात. त्यापेक्षा पक्के झालेले ब्लॉकच पाठवा, सिलिका जेलच्या डबीत.