हल्ली कानांत काय वाजते आहे? जड संगीताचे अनुभव

गेल्या काही महिन्यांत मी ज्या गाण्यांकडे पुन्हा पुन्हा वळतो आहे, त्यांतली बहुतेक हेवी मेटल या सदरात मोडतात. तरी नावांची यादी द्यायची नाही असे ठरवले आहे, कारण दुसऱ्याची यादी कोणी ऐकत नाही. त्याऐवजी या धाग्याखाली प्रत्येकाने आपल्या प्रतिसादात एखादे गाणे घ्यावे आणि त्यात आपण नेमके कुठे थबकलो ती जागा सांगावी, अशी विनंती आहे. गाणे मेटलच असले पाहिजे असे नाही. ते जड वाटले असले की पुरे.

सुरुवात माझ्यापासून. जुलै 2025 मध्ये गायक ऑझी ऑस्बॉर्न गेल्याची बातमी आली, तेव्हा त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा 1970 चा पहिला अल्बम मी बऱ्याच वर्षांनी लावला. बँडचेच नाव असलेल्या पहिल्या गाण्यात आधी पाऊस आणि घंटा ऐकू येते, मग गिटारवर तीन स्वर येतात: षड्ज, वरचा षड्ज, आणि तिथून खाली तीव्र मध्यम. माझ्या आठवणीत हे गाणे कर्कश होते. प्रत्यक्षात ते इतके संथ निघाले की शब्द सुरू झाल्यावर मधल्या मोकळ्या जागांत मला डोक्यावरचा पंखा ऐकू येत होता. गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना कारखान्यातल्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली होती, आणि तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच होता. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या, आणि 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’मध्ये तर काही गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली, कारण सैल तार दाबायला सोपी जाते. पुढे ज्या जडपणाची असंख्य बँडांनी नक्कल केली, त्यात एका दुखापतीचा एवढा वाटा आहे.

*

मी बारा वर्षे शास्त्रीय गायन शिकले असल्यामुळे डिस्टॉर्शनला, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करण्याला, गोंगाट म्हणणाऱ्यांत मी पुढे होते. माझा भाचा गिटार वाजवतो. एकदा त्याने मला समोर बसवून आधी स्वच्छ आवाजात आणि मग डिस्टॉर्शन लावून तोच पॉवर कॉर्ड वाजवला आणि म्हणाला, “मावशी, यात दोनच सूर आहेत, मोजून बघ.” ते दोन सूर षड्ज आणि पंचम होते, म्हणजे ज्या दोन स्वरांत आम्ही तानपुरा मिळवतो तेच. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेची झणझणती गुंज, काढली की खर्जाच्या तारेतून कोणीही न छेडलेला गंधार उमटू लागतो. त्यालाच आम्ही स्वयंभू गंधार म्हणतो. डिस्टॉर्शनमध्ये ध्वनिलहरीचे माथे छाटले जातात आणि त्यातूनही असेच वरचे स्वर निर्माण होतात. म्हणूनच वाजवणारे बहुधा गंधार मुद्दाम गाळतात. तो वरून घातला तर या सगळ्या स्वरांची एकमेकांशी झटापट होऊन नुसता चिखल होतो. मार्ग वेगळे असले, तरी दोघांनाही त्या दोन स्वरांच्या पोटात आणखी काय दडले आहे तेच बाहेर काढायचे असते.

हे कळल्यावर मी गोजिरा या फ्रेंच बँडचे 26 जुलै 2024 चे, पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनातले सादरीकरण पुन्हा ऐकले. तिथे मरिना व्हिओटी ही ऑपेरा गायिका फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातले गीत गाते आणि तिचा आवाज त्या गिटारींवर असा उभा राहतो, जणू मागे दोन जोड तानपुरे लावले आहेत. (माझ्या गुरूंना हे वाक्य वाचायला मिळू नये, एवढीच इच्छा.)

*

मला ग्राउल, म्हणजे मेटलमधले ते गुरगुरत गाणे, सोसत नाही. वर्षभर प्रामाणिक प्रयत्न करून सोडून दिला. ओपेथ या बँडचा 2003 चा ‘डॅम्नेशन’ हा अल्बम मात्र रोज ऐकतो, कारण त्यात ग्राउल अजिबात नाही.

*

ग्राउलची बाजू कोणीतरी मांडायला हवी. मी ते घशाने ओरडून करायला गेलो आणि माझा आवाज बसला. तिसऱ्या दिवशीही घरात खुणांनी बोलत होतो. नंतर कळले की जाणकार गायक खऱ्या स्वरतंतूंवर जोर देतच नाहीत. त्यांच्या वर असलेल्या आभासी स्वरपट्ट्या कंप पावू देतात आणि श्वास पोटातून सावकाश सोडतात. आता एखादे गाणे ऐकताना मी शब्दांपेक्षा गायक श्वास कुठे घेतो तेच पाहत बसतो.

*

माझा हात तबल्यावर बसलेला असल्यामुळे मला मेशुगा या स्वीडिश बँडने वेड लावले आहे. ‘ब्लीड’ (2008) पहिल्यांदा ऐकले तेव्हा सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे आहे तेच सापडेना. बोटांच्या पेरांवर मोजू लागलो आणि चौथ्या आवर्तनात चुकलो; पुन्हा सुरुवातीपासून मोजले, पुन्हा चुकलो. शेवटी गिटारकडे दुर्लक्ष करून फक्त झांज ऐकली, तर ती निमूटपणे चार-चार मात्रांत चालली होती. या बँडची खुबी अशी की गिटार आणि पायाचे ढोल विषम लांबीचा तुकडा घेऊन त्या चार मात्रांवरून घसरत राहतात आणि टप्प्याच्या शेवटी बहुधा तो तुकडा छाटून समेवर आणतात. तिहाईचे, म्हणजे तोच तुकडा तीनदा वाजवण्याचे, गणित समेवर बरोबर बसते तेव्हा जो आनंद होतो, तोच इथे आहे. फरक एवढाच की इथे कोणी मान डोलावून दाद देत नाही, सगळे ती जोरजोरात झटकतात.

*

माझा अनुभव थोडा लाजिरवाणा आहे. माझ्या हेडफोनचा डावा कान कधी बंद पडला ते मला समजलेच नाही. या संगीतात गिटारी बहुधा डाव्या-उजव्या बाजूंना वाटून ठेवतात, त्यामुळे आयर्न मेडन या बँडच्या गाण्यांतली एकच गिटार मी सहा-सात महिने ऐकत होतो आणि “सुरावट चांगली आहे, पण जरा एकाकी वाटते” असे मित्रांना गंभीरपणे सांगत होतो. नवा हेडफोन लावला, आणि तीच सुरावट थोड्या अंतरावरून सोबतीने वाजवणारी दुसरी गिटार अचानक डाव्या कानात आली.

*

मी मेटल ऐकत नाही, पण धाग्यात ‘जड वाटले की पुरे’ असे म्हटले आहे, म्हणून लिहिते. पोलिश संगीतकार हेन्रिक गोरेत्स्की यांची तिसरी सिंफनी (1976) सध्या ऐकते आहे. पहिला भाग डबल बेसवर इतक्या खालून आणि हळू सुरू होतो की काही वाजत नाही असे समजून मी आवाज वाढवून ठेवला. मग एकेक वाद्यसमूह तीच धून घेऊन त्यात मिसळत गेला आणि गायिकेचा स्वर येईपर्यंत खोली भरून गेली होती. उठून आवाज कमी करावा हे सुचले नाही. दुसऱ्या भागाचे शब्द 1944 मध्ये गेस्टापो या नाझी गुप्त पोलिसांच्या कोठडीच्या भिंतीवर एका अठरा वर्षांच्या मुलीने लिहिलेले आहेत. त्यात ती आईला रडू नकोस असे सांगते. मी अर्थ वाचत वाचत तो भाग शेवटपर्यंत ऐकला आणि तिथेच थांबवला. तिसरा भाग अजून लावलेला नाही.