जुन्या सुरीला नवी मूठ: सागवान की बाभूळ?

दारव्हा_शिवार
लोहाराने घडवलेली जुनी पोलादी सुरी आहे. पातं ७ इंच लांब, ४ सेंटिमीटर रुंद. मूठ कुजून गळून पडली. मुठीत जाणारी शेपटी साडेसात सेंटिमीटर लांब आणि ३ मिलिमीटर जाड. गंजलेली आहे, पण शाबूत. घरात सागवानी चौकटीचा तुकडा आहे आणि मोडक्या बंडीच्या चाकातला बाभळीचा आरा. कोणता घेऊ? चिकटवायला अराल्डाइट लावू की लाख? पावसाळ्यात हे काम करावं का?

रंधा_पटाशी
आरा घ्या. बाभूळ जड आणि चिवट, त्यात बंडीच्या चाकात वर्षानुवर्षं राहिलेलं लाकूड आता पिळायचं नाही. कीड आणि उभ्या चिरा तेवढ्या तपासा. सागवानही चालतं, फक्त त्याच्या अंगच्या तेलामुळे अराल्डाइट नीट धरत नाही. लावण्याआधी थिनरने पुसावं लागतं.

पावसाळ्यात ठोकळा कापून ठेवा, मूठ बसवू नका. आपल्याकडे श्रावणात लाकूड ओल धरतं आणि मे महिन्यात ४५ अंशांत आकसतं. शेपटी लोखंडाची, ती काही आकसत नाही. मग मूठ एकतर खुळखुळते, नाहीतर शेंबीजवळ (मुठीच्या तोंडाशी बसणारं धातूचं कडं) उभी तडकते. १३ सेंटिमीटर लांब, ३ बाय ४ चा ठोकळा माळ्यावर टाका. दिवाळीनंतर दर आठवड्याला काट्यावर तोला. वजन उतरायचं थांबलं की कामाला घ्या.

आता भोक. साडेतीन मिलिमीटरचा साधा बिट जेमतेम ४ सेंटिमीटर आत जातो, म्हणजे शेपटीच्या अर्ध्यापर्यंतच. दोन्हीकडून पाडली तरी १३ सेंटिमीटरच्या ठोकळ्यात ती भोकं मधे भेटत नाहीत. त्यापेक्षा ठोकळा लांबीत चिरा, एका फाकेत पटाशीने शेपटीच्या मापाची खाच करा, दुसरी सपाट ठेवा. अराल्डाइट २४ तासांचंच घ्या. ५ मिनिटांत धरणारं ओलाव्यात कमी टिकतं. दोन्ही नळ्यांतलं सारखं घेऊन मिनिटभर घोटा. शिकंजा नसेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा. फार आवळलं तर सगळं बाहेर येतं आणि सांधा कोरडा राहतो. मूठ गोल नको, लांबट अंडाकृती ठेवा, म्हणजे धार कुठे आहे ते हाताला न बघता कळतं.

वऱ्हाडी_भाता
अराल्डाइट ठीक हाये भाऊ, पण लाखेले काऊन बाजूले टाकता? लाखेची मूठ पुढं बदलाची झाली त शेपटी तापवली का निघते. अराल्डाइटवाली फोडाच लागते. खाचेत लाखेचा भुगा भरा, शेपटी तापवून दाबा. पातं मात्र ओल्या फडक्यात पाह्यजे, नाहीतर त्याचं पाणी, म्हंजे पोलादाचा कडकपणा, उतरते.

पोलाद_धार
शेतातल्या इळ्याला लाख उत्तम. स्वयंपाकघरात सुरी गरम पाण्याने धुतली जाते, तिथे लाख नरम पडते. इथे अराल्डाइटच.

गंजासाठी पातं आणि शेपटी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा आणि तासातासाने काढून तारेच्या घासणीने घासा. चार-पाच तास पुरे. रात्रभर विसरलात तर ते गंजाबरोबर पोलादही खातं. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवून लगेच कोरडं करा. काळसर थर राहिला तर राहू द्या, तो तांबड्या गंजाला अडवतो. खड्डे असतील तरच पॉलिशपेपर, २४० पासून ६०० पर्यंत.

धार घरी दगडावर लावा. मशीनच्या चाकावर कड निळी झाली तर समजा पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापलं आणि तेवढ्या भागाचं पाणी गेलं. तिथली धार टिकत नाही. ४ सेंटिमीटर रुंदीच्या पात्याची पाठ दगडापासून सेंटिमीटरभर वर धरली की साधारण १५ अंशांचा कोन होतो. पलीकडच्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागली की बाजू बदला.

आणि शेपटी गंजते ती मुठीच्या तोंडातून शिरलेल्या पाण्याने. शेंबी बसवल्यावर तिथली फट अराल्डाइटने बुजवा.

दारव्हा_शिवार
आऱ्याचा ठोकळा कापला. मूठ पक्की राहावी म्हणून आरपार पितळी खिळा घालायचा आहे. त्यासाठी शेपटीला भोक पाडून बघतोय तर बिट नुसता घसरतो.

पोलाद_धार
म्हणजे शेपटीलाही पाणी दिलेलं आहे. पातं ओल्या फडक्यात गुंडाळा, शेपटीचं टोक मंद लाल होईस्तोवर तापवा आणि राखेत हळूहळू थंड होऊ द्या. पाण्यात बुडवलंत तर पुन्हा कडक होईल. मग ४ मिलिमीटरचा बिट, कमी वेग, थेंबभर तेल. हे सगळं मूठ चिकटवण्याआधी.

रंधा_पटाशी
खिळा म्हणून ४ मिलिमीटरची पितळी सळई दोन्हीकडे दीड-दीड मिलिमीटर बाहेर ठेवा आणि तिची टोकं गोल तोंडाच्या हातोडीने हलके हलके पसरवा. जोरात ठोकलं की बाभूळ तडकते. शेवटी लाकडी घाण्याचं जवसाचं तेल: पातळ हात, अर्ध्या तासाने उरलेलं पुसून टाका, चार-पाच दिवस वाळवा, असे तीन हात. जाड थर महिनाभर चिकट राहतो. तेलाच्या चिंध्यांचा बोळा मात्र कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. बाहेर दोरीवर सुट्या पसरून वाळवा.