जुन्या सीबी बेस रेडिओची पॉवर कॉर्ड कुठे मिळेल? (जॉन्सन मेसेंजर, ओहायो)

ओहायोकर (धागाकर्ता):
नमस्कार मंडळी. कोलंबसला आमच्या शेजारी ८४ वर्षांच्या एक आजी राहतात. त्यांचे यजमान ट्रक चालवायचे. घर आवरताना त्यांनी यजमानांचा सीबी बेस रेडिओ मला दिला (सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, ट्रकवाले आपसांत बोलायला वापरतात तो; बेस म्हणजे घरात ठेवायचा सेट). जॉन्सन मेसेंजर, पांढऱ्या दर्शनी पट्टीचा, व्हॉल्व्हवाला, ५ चॅनेलचा. माइक आहे, पॉवर कॉर्ड नाही. मागच्या सॉकेटला बऱ्याच पिना आहेत, कॉम्प्युटरची वायर त्यात बसत नाही. आजींना तो एकदा बोलताना ऐकायचाय. बजेट ४० डॉलर. कॉर्ड कुठे मिळेल आणि लावण्याआधी काय काय तपासू?

पेठेतला:
पुण्यात असतात तर तपकीर गल्लीत अर्ध्या तासात काम झालं असतं. वडिलांच्या मर्फीला मी दोन वायरी थेट आत सोल्डर केल्या, अजून वाजतोय. कॉर्ड शोधत बसू नका.

तारायंत्र:
पेठेतला, मर्फीची गोष्ट वेगळी. ओहायोकर, थेट वायरी अजिबात जोडू नका. घरच्या ११७ व्होल्टवर आणि गाडीच्या १२ व्होल्टवर असे दोन्हीकडे चालणारे जे सेट होते, त्यातल्या कित्येकांत कशावर चालवायचं हे प्लगच ठरवायचा. प्लगच्या आत काही पिना एकमेकींना जोडलेल्या असतात. एसीची कॉर्ड वेगळी, डीसीची वेगळी. त्यामुळे नुसता प्लग बसला म्हणून भागत नाही, आतली जोडणी सर्किटच्या नकाशाशी ताडून पाहावी लागते. सॅम्स फोटोफॅक्टच्या सीबी मालिकेत जुन्या सेटचे नकाशे आहेत. पिना चपट्या असतील तर ‘जोन्स प्लग’ या नावाने शोधा, पण आधी पिना मोजा.

सॅन होजेची मामी:
मी गेल्या वर्षी नवा सेट घेतला, १५० डॉलर. ४० चॅनेल, हवामानाच्या सूचनाही येतात. जुन्याच्या नादी लागू नका. आजींना आवाजच ऐकायचाय ना?

सिरीजबोर्ड:
मामी, त्यांना यजमानांच्या सेटमधून ऐकायचाय.
कॉर्ड मिळाली तरी भिंतीत घालू नका. साठ वर्षांपूर्वीचे फिल्टर कंडेन्सर सुकलेले असतात. माझ्या एका सेटचा कंडेन्सर फुटला, आठवडाभर खोलीत वास होता. १०० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये घ्या, म्हणजे सेटला जाणारी वीज बल्बमधूनच जाईल. एलईडी चालत नाही. चालू केल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भक्क पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. स्पीकरमधून नुसतीच घुंईऽऽ आली तर फिल्टर कंडेन्सर बदलायचे. बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये दोन-तीनशे व्होल्ट राहतात, ते उतरवल्याशिवाय आत बोट घालू नका.

डेट्रॉइटचा बाळ्या:
सिरीज बल्बला +१. माइकही बघा. माझा दुसऱ्या कंपनीचा सेट चार महिने ‘मेलेला’ म्हणून माळ्यावर पडून होता. कित्येक सेटमध्ये ऐकण्याचं सर्किट माइकच्या प्लगमधून पूर्ण होतं. माइक काढला की स्पीकर गप्प! माइक लावला आणि बोलायला लागला.
आणि खटके, खुंट्या खरखरत असतील तर डब्ल्यूडी-४० मारा.

सिरीजबोर्ड:
डब्ल्यूडी-४० नको! कॉन्टॅक्ट क्लीनरच हवा.

डेट्रॉइटचा बाळ्या:
मी वीस वर्षं तेच मारतोय.

तारायंत्र:
तो वाद नंतर. कॉर्डचं भिंतीकडचं टोक दोन पिनांचं असेल तर तीन पिनांचं करून चॅसीला (सेटच्या धातूच्या सांगाड्याला) अर्थिंग द्या. मेन्सपासून चॅसीला जाणारा एखादा जुना कंडेन्सर असेल तर तो आधी बदला. तो शॉर्ट झाला की धातूच्या पेटीलाच शॉक. अँटेना किंवा ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रोध) लावल्याशिवाय माइकचं बटण दाबू नका. नुसतं ऐकायला २.७ मीटर वायर पुरते.
आता महत्त्वाचं. ५ चॅनेलच्या सेटमध्ये ज्या चॅनेलचे क्रिस्टल (फ्रिक्वेन्सी ठरवणारे स्फटिक) घातलेत तेवढेच चॅनेल चालतात. एक ऐकायचा, एक बोलायचा, अशी जोडी लागते. झाकण उघडून कोणते आहेत ते वाचा.

पेठेतला:
इतका खटाटोप? माझा मर्फी...

ओहायोकर:
झाकण उघडलं. एकच जोडी आहे आणि तिच्यावर चॅनेल १० लिहिलंय. बाकी चार जागा रिकाम्या.

डेट्रॉइटचा बाळ्या:
१० वर आता कोण भेटणार? ट्रकवाले १९ वर असतात, २७.१८५ मेगाहर्ट्झ. १९ चे क्रिस्टल घाला.

सिरीजबोर्ड:
+१. १९ घाला.

सॅन होजेची मामी:
नव्या सेटमध्ये १९ आहेच.

तारायंत्र:
मीही १९ च म्हणेन. पण एक सांगतो, १९ रूढ होण्याआधी हायवेवरचे ट्रकवाले १० वरच बोलायचे. शेजारच्या ९ नंबरच्या आणीबाणीच्या चॅनेलला त्रास होतो म्हणून ते पुढे १९ वर गेले. तुमच्या सेटमध्ये त्याआधीचा काळ तसाच राहिलाय.
प्लगसाठी झीनियाच्या हॅमव्हेन्शनला, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या मेळाव्याला जा. दर मे महिन्यात असतं, तुम्हाला जवळ पडेल. जुन्या सामानाच्या टेबलांवर असे प्लग मिळतात.

ओहायोकर:
सगळ्यांचे आभार. आजींना १० चं सांगितलं तर त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, रात्री ते घराच्या जवळ आले की याच सेटवर हाक मारायचे आणि मी स्वयंपाकघरातून उत्तर द्यायची.
तेव्हा क्रिस्टल बदलणार नाही. १० च राहू दे. मे महिन्यापर्यंत थांबणारही नाही, आणि आतल्या व्होल्टेजला हात लावायची माझी तयारी नाही. सव्वा तासावर एक निवृत्त मेकॅनिक सापडले. प्लग, नकाशाप्रमाणे जोडणी, अर्थिंग आणि कंडेन्सर धरून ११० डॉलर सांगितलेत. बजेट गेलं, पण ते मी देणार आहे. शनिवारी सेट घेऊन जातो. सहकाऱ्याकडून सीबीचा हँडसेट उसना मिळतोय. तो १० वर लावून मी अंगणातून हाक मारीन, आजी स्वयंपाकघरात सेटपाशी बसतील.